दर महिन्याला एक डोंगर

दोस्तांनो, मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी लागलेली, बाहेर घामाच्या धारा आणि आमच्या प्रभादेवीच्या घरात पंख्याखाली बसून आमची भाची टीव्ही बघत होती. टीव्हीवर बर्फाळ डोंगर दिसत होते. त्यावरून माणसं रांगेनं चालत होती आणि प्रत्येकाच्या बुटाला बॅडमिंटनच्या रॅकेटसारखं काहीतरी बांधलेलं होतं.

"मामा, हे काय बांधलंय यांनी?"

आता तुम्हीच सांगा, मुंबईत बसून हे कसं समजवायचं? इथे बर्फ मिळतो तो फक्त गोळ्यात, नाहीतर मासळीबाजारात! मग मला एक युक्ती सुचली. घरातला जेवायचा पाट उचलला, पिशवीत घातला आणि दोघंही दादर चौपाटीवर गेलो. ओहोटी होती. पाण्याजवळच्या मऊ वाळूत भाची नुसत्या पायांनी उभी राहिली, तर पाय घोट्यापर्यंत आत! मग त्याच वाळूवर पाट ठेवून ती वर उभी राहिली. पाट जेमतेम बोटभर रुतला.

वजन तेच, वाळूही तीच. मग फरक कसला? हिशोब करून बघा. तिचं वजन ३६ किलो. दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ धरा ३०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १२० ग्रॅम भार. पाट होता ३० बाय ४५ सेंटीमीटरचा, म्हणजे १३५० चौरस सेंटीमीटर. आता भार उरला फक्त २७ ग्रॅम! भुसभुशीत बर्फावर चालणारी माणसं बुटाला रुंद चौकट बांधतात ती याचसाठी. वजन पसरलं की पाय रुतत नाही.

झालं! पाट घेऊन घरी येईपर्यंत भाचीनं ठरवूनही टाकलं होतं, "मला बर्फात चालायचंय. मनालीला जाऊ या."

ताईनं पाटाची वाळू झटकली आणि म्हणाली, "यंदा नाही गं जमणार." एवढंच. पण भाची मोठी झालीय. 'का' असं तिनं विचारलं नाही. गप्प बसली. तेच मला जास्त लागलं.

मी म्हटलं, "बर्फ राहू दे. आपल्याकडे सह्याद्री आहे की! वर्षभर दर महिन्याला एक डोंगर. लोकलचं तिकीट, एसटीचं तिकीट आणि डब्यात भाकरी. बारा डोंगर पुरे झाले, की बर्फाचं बघू. कबूल?"

तिनं एक शंभरपानी वही काढली, पहिल्या पानावर बारा रकाने आखले आणि म्हणाली, "कबूल. पण एकही चुकवायचा नाही हं, मामा!"

ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्यावरूनच भांडण झालं!

काजव्यांचं झाड

पहिला डोंगर राजमाची. जूनचा पहिला आठवडा. पाऊस अजून नीट लागलेला नव्हता. राजमाचीला दोन वाटा जातात. लोणावळ्याकडून येणारी वाट लांबलचक पण सोपी. कर्जतकडून येणारी वाट कोंढाणे लेण्यांवरून जाते आणि दम काढते. आम्ही लोणावळ्याकडून गेलो. वर उधेवाडी नावाचं गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले.

रात्री जेवणं झाल्यावर ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशी म्हणाल्या, "बॅटऱ्या बंद करा आणि मागच्या झाडाकडं बघा."

झाडावर काजवे होते. एक नाही, दोन नाही, हजारो! सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे. गणपतीत आमच्या गल्लीत रोषणाई करतात ना, तशीच. फक्त वायर नाही आणि बिल नाही! काजव्याच्या पोटात एक रसायन असतं. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो, पण उष्णता जवळजवळ नाहीच. पावसाच्या तोंडावर थोडेच आठवडे हा खेळ चालतो. उजेड हीच त्यांची एकमेकांना हाक मारायची भाषा. आपण बॅटऱ्या पाजळल्या, की त्यांना एकमेकांची हाक 'ऐकू' येत नाही. म्हणून काजवे बघायला जाल तेव्हा अंधारातच बघा बरं का!

वहीतला पहिला रकाना भरला.

न भरलेला रकाना

जुलैत आम्ही कर्जतच्या बाजूला एका डोंगरावर निघालो. पाऊस मजेत पडत होता. वाटेत एक ओढा लागला. पाणी घोट्याएवढं, काचेसारखं स्वच्छ. भाचीनं त्यात पाय आपटत नाचूनही घेतलं. आम्ही ओलांडलाच असता. पण मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो, तेवढ्यात पलीकडून गुरं घेऊन येणारे एक आजोबा ओरडले, "थांबा तिथंच! पाण्याचा रंग बघा."

बघितलं. पाणी गढूळ होत होतं. त्यावर काटक्या आणि पाला वाहत येत होता. आमच्या डोक्यावर पाऊस तेवढाच होता, पण वर डोंगरात कुठेतरी तो जोरात कोसळला होता. पाऊण तासात त्या ओढ्याचं पाणी माझ्या मांडीपर्यंत चढलं. आवाजही बदलला. आधी खळखळ होती, आता तिची घरघर झाली होती. तळाशी दगड घरंगळत होते, त्यांचा तो आवाज.

आजोबा पलीकडेच थांबले, आम्ही अलीकडे. ते म्हणाले, "पाणी चढतं झटक्यात, उतरतं सावकाश. आज घरी जा. डोंगर कुठं पळून जात नाही."

आम्ही परत फिरलो. भाची स्टेशनपर्यंत एक शब्द बोलली नाही. गाडीत बसल्यावर मात्र फुटली, "बारा म्हणाला होतात! आता अकराच होणार! थोडं थांबलो असतो तर?"

मला तिचा राग समजत होता. पण दोस्तांनो, सह्याद्रीचा दगड कसा आहे ते तुम्हाला सांगायला हवं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकावर एक थर साचत गेले. तो निवून झालेला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. आमच्या प्रभादेवीशेजारची वरळीची टेकडीसुद्धा त्याच दगडाची! हा दगड सहजासहजी पाणी पीत नाही आणि सह्याद्रीचे उतार तर उभे. म्हणून पडलेला पाऊस मुरत बसत नाही, धावत सुटतो. दर पावसाळ्यात ओढ्यात, धबधब्याखाली माणसं वाहून जातात, त्यात 'थोडंसंच तर पाणी आहे' असं म्हणणारे पुष्कळ असतात.

आणि डोंगर कधीकधी पाण्याबरोबर स्वतःही खाली येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या अंगावर वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. माणसं झोपेत होती. २७ जणांचे मृतदेह सापडले आणि ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे लोक पावसात, चिखलात, पायवाटेनं वर चढले. त्यात डोंगर भटकणारी आणि एरवी सुट्टीत हौसेनं गड चढणारी पोरंही होती.

हे मी भाचीला गाडीतच सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं वही उघडली. मला वाटलं, आता रकाना रिकामा ठेवणार. तिनं लिहिलं : 'जुलै. परत आलो.'

फुलं, इरलं आणि उलटा वारा

पुढचे सगळे डोंगर सांगत बसलो तर हा अंक पुरायचा नाही! थोडे थोडे सांगतो.

सप्टेंबरात पाऊस ओसरला, की सह्याद्री रंगपेटी उघडून बसतो. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा. आणि कारवी नावाचं एक झुडूप आहे, ते तर दरवर्षी फुलतच नाही! सात-आठ वर्षं नुसती पानं आणि काठ्या. मग एका वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा, आणि बिया पडल्या की ती झुडपं वाळून जातात. गावातले लोक कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप देऊन घराच्या भिंती करतात.

एका शेतात भाचीला माणसांच्या पाठीवर उलट्या होड्या दिसल्या. ती इरली होती. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं केलेलं पावसाचं पांघरूण. वाकून भात लावताना छत्री धरायला हात कुठून आणणार? इरलं पाठीवर बसतं आणि दोन्ही हात मोकळे! भाची म्हणाली, "म्हणजे बर्फातल्या लोकांची ती रॅकेटं, तसं यांचं इरलं." अगदी बरोबर. ज्याला जिथे राहायचं, तो तिथल्या हवेशी जमवून घ्यायला काहीतरी शोधून काढतोच.

ऑक्टोबरात हरिश्चंद्रगड. तिथल्या केदारेश्वराच्या गुहेत भलंमोठं शिवलिंग आहे आणि भोवती कमरेएवढं गारेगार पाणी. चार खांबांपैकी आता एकच धड उभा आहे. पण खरा थरार कोकणकड्याचा. नागाच्या फणीसारखा आत वळलेला प्रचंड कडा! कड्याजवळ आम्ही पोटावर झोपून, सरपटत गेलो. उभं राहून डोकावायचं नाही, हा तिथला पहिला नियम. खालून कोकणातला वारा असा वर येतो, की टाकलेलं वाळकं पान खाली न जाता आपल्या डोक्यावरून मागे उडतं! कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला इथे पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. आम्हाला नाही दिसलं. ढग खाली हवेत आणि सूर्य पाठीशी, असा योग जुळावा लागतो.

नोव्हेंबरात दिवाळी आली. आमच्या चाळीच्या अंगणात मुलं दरवर्षी मातीचा किल्ला करतात. यंदा भाचीनं सगळ्यांना कामाला लावलं. बुरूज, दरवाजा, मावळे नेहमीचेच. पण ती म्हणाली, "पाण्याची टाकी कुठायत? पाणी नाही तर गड दोन दिवसांत पडेल!" खरंच आहे. गड बांधताना आधी खडकात टाकी खोदायची आणि पावसाचं पाणी साठवायचं. त्या खोदाईतला दगड पुन्हा तटाला वापरायचा. आपल्या गडांचं हे शहाणपण आता जगानंही मानलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं शिवकाळाशी आणि मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, साल्हेर, सिंधुदुर्ग असे अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी.

महाराष्ट्राचा माथा

जानेवारीत कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. रात्रीची कसारा लोकल दादरला पकडली, पुढे जीपनं बारी गाव. थंडीनं दात वाजत होते. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. आम्ही दोन्ही हातांनी धरून, एका वेळी एकच जण, असे चढलो.

गावातले लोक कळसूबाईची गोष्ट सांगतात. कळसू नावाची कोळ्याची मुलगी घरकामाला राहिली. भांडी घासणार नाही, ही तिची अट. एकदा तिला भांडी घासायला लावलीच. ती रागावून डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही. माथ्यावरचं छोटं देऊळ तिचंच. भाचीला ही गोष्ट फार आवडली. घरी आल्यावर भांडी घासायची वेळ आली तेव्हा तिनं ती ताईला मुद्दाम ऐकवली!

माथ्यावर तिनं विचारलं, "मामा, एवढी उंची आहे तर बर्फ का नाही?"

उंची दर हजार मीटर वाढली, की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे समुद्रकाठच्या प्रभादेवीत २० अंश असेल, तर इथे दहाच्या आसपास. शून्य अजून दहा अंश लांब! मनाली आपल्यापेक्षा उंचावर आहेच, शिवाय कितीतरी उत्तरेला. म्हणून तिथे बर्फ पडतो. पण म्हणून महाराष्ट्रात काहीच नाही असं समजू नका. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमिनीची ऊब वर निघून जाते आणि गवत हवेपेक्षाही गार पडतं.

हे ऐकून भाची दुसऱ्या दिवशी बारी गावात पहाटे उठून गवत चाचपून आली. नुसतंच दव होतं. पण ओंजळ भरून घेतली आणि माझ्या मानेवर ओतली! मी केवढ्यानं ओरडलो म्हणता!

फेब्रुवारीत नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातून जुन्नरकडे माल याच वाटेनं जायचा. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात आकडे कोरलेले आहेत, आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या आकड्यांपैकी ते आहेत. गणिताचा कंटाळा आला की आठवा, ही कटकट किती जुनी आहे ते!

आपल्या नळाचं पाणी

शेवटून दुसरा रकाना एप्रिलचा. शहापूर तालुक्यातला माहुली. आसनगाव स्टेशनवर उतरायचं. १६३६ साली शहाजीराजांनी याच गडाचा आसरा घेतला होता. पहाटे निघालो तरी दहालाच ऊन भाजू लागलं. माणशी तीन लिटर पाणी नेलं होतं, ते उतरताना संपत आलं.

खाली एका पाड्यात विहिरीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या. विहिरीच्या तळाशी पाणी झिरपत होतं. वाटीवाटीनं भरून हंडा वर ओढायचा. भाचीपेक्षा लहान एक मुलगी आपल्या पाळीची वाट बघत होती. आम्हाला बघून एक मावशी म्हणाल्या, "ये पोरी, पाणी पिऊन जा. ऊन केवढं!"

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नको मावशी, आमच्याकडे आहे."

आमच्या बाटलीत दोन घोट होते.

वाटेत ती म्हणाली, "जुलैत पाण्यानं आपल्याला परत पाठवलं. तेच पाणी कुठे गेलं?"

त्याचं उत्तर तुम्हाला तुमच्या घरात सापडेल. त्याच तालुक्यात तानसा आणि भातसा हे तलाव आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला येतं. मोडकसागर, वैतरणा हेही याच डोंगरांच्या पावसावर भरतात. मोठाले नळ तिथून निघतात आणि प्रभादेवीत पहाटे आमच्या नळाला येतात. बाकीचं पाणी काळ्या पाषाणावरून धावत समुद्राला मिळतं. आणि त्याच डोंगराखालच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते.

घरी आल्यावर भाची नळाखाली हात धुवायला गेली. नळ पूर्ण सोडला, मग थांबली आणि अर्धा बंद केला. कुणी काही सांगितलं नव्हतं.

अकरा की बारा?

मे महिन्यात शेवटचा डोंगर झाला. आम्ही वही उघडून बसलो. अकरा रकान्यांत गडांची नावं होती आणि एकात 'परत आलो'.

ताई म्हणाली, "मग पैज कोण जिंकलं?"

मी भाचीला सुरेंद्र चव्हाणांबद्दल सांगितलं. १९९८ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातून गेलेल्या मोहिमेतून ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. मोहिमेचे नेते होते हृषिकेश यादव. आपल्याकडच्या गिर्यारोहकांचे पाय आधी सह्याद्रीतच तयार होतात, बर्फ नंतर भेटतो. आणि हिमालयातसुद्धा हवा बिघडली की शिखर समोर दिसत असताना परत फिरावं लागतं. ज्याला ते जमत नाही, त्याला तिथे कुणी बरोबर नेत नाही.

भाचीनं थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "मग जुलैचा डोंगर मोजायचा. पण तो पुन्हा करायचा. डिसेंबरात, ओढा आटल्यावर. ते आजोबा भेटले तर त्यांना सांगायला हवं, आम्ही त्या दिवशी घरी नीट पोचलो."

आणि बर्फ? ताईनं डब्यात पैसे टाकायला सुरुवात केलीय. किती साठलेत, ते आम्ही विचारत नाही.

आता तुमच्यासाठी. तुम्हालाही असं वर्ष काढायचं असेल तर घरातलं मोठं माणूस किंवा गड माहीत असलेलं कुणीतरी बरोबर घ्या. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट, माणशी तीन लिटर पाणी, शिट्टी, बॅटरी आणि घरी 'कुठे चाललोय' त्याची चिठ्ठी, एवढं हवंच. गावात जेवलात तर पैसे द्या. कचरा पिशवीतून घरी आणा. आणि एक वही ठेवा. तिच्यात 'परत आलो' असं लिहायला लाजू नका.